दोष कोणाचा? : चार्ज न होणाऱ्या रोबोच्या निमित्ताने

आपल्या समीक्षेने आजवर काय काय वाचलेले नाही याची यादी कुणी केली, तर यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेचा क्रमांक तीत बराच वर लागेल. कविता, कादंबरी, आत्मचरित्र, जाहिरात, चित्रपटाचे पोस्टर, निवडणुकीचा जाहीरनामा या सर्वांची ‘संहिता’ म्हणून चिकित्सा झाली. कोणत्या शब्दामागे कोणाचा हितसंबंध दडला आहे, कोण बोलतो आणि कोणाला गप्प केले जाते, हे प्रश्न आपण गेली तीस-चाळीस वर्षे हिरिरीने विचारत आलो आहोत. मात्र मध्यमवर्गीय घरात कादंबरीपेक्षा अधिक वेळा आणि अधिक व्याकुळतेने वाचले जाणारे एक पान या चिकित्सेतून सुखरूप सुटले. ते पान म्हणजे पुस्तिकेच्या शेवटी येणारा ‘यंत्र चालत नसल्यास काय करावे’ हा तक्ता. डाव्या रकान्यात तक्रार, मधल्या रकान्यात संभाव्य कारण, उजव्या रकान्यात उपाय.

हे पान निरुपद्रवी, निव्वळ माहितीपर आहे असा सार्वत्रिक समज आहे. आम्हांला तो मान्य नाही. हे पान पक्षपाती आहे असा आमचा आरोप आहे. ते यंत्राविषयी बोलत असल्याचा आभास निर्माण करते. प्रत्यक्षात ते यंत्र विकत घेणाऱ्याला त्याची जागा दाखवून देत असते.

उदाहरणादाखल आम्ही मुद्दाम क्षुल्लक वाटावे असे दुखणे निवडतो. घरभर फिरून केर गोळा करणारा चकतीसारखा रोबो चार्ज होत नाही. डॉकवर जाऊन बसतो, पण दिवा लागत नाही. किंवा दिवा लागतो, रात्रभर बसून राहतो आणि सकाळी दीड खोली झाडून पलंगाखाली थांबतो.

प्रथम त्या पानाला त्याचे श्रेय देऊ. तसे न करता केलेली टीका ही केवळ चीडचीड ठरते. पान सांगते की भिंतीवरच्या सॉकेटचे बटण चालू आहे का पाहा. रोबोच्या पोटावरील आणि डॉकवरील धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. नवे यंत्र असेल तर बॅटरीजवळ वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढली आहे का, याची खात्री करा. पुढच्या छोट्या चाकात केस गुंतून ते वर-खाली होत नसेल तर यंत्र किंचित उचललेले राहते आणि पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत. डॉक शोधणाऱ्या अवरक्त किरणांच्या काचेवर धूळ बसली असेल तर ती पुसा. डॉकच्या समोर आणि बाजूंना मोकळी जागा ठेवा. हे सर्व उपाय खरे आहेत, आणि पुष्कळदा एवढ्याने काम भागते. त्यामागचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. २००२ साली बाजारात आलेल्या पहिल्या रूंबाला डॉक नव्हता. माणूस वायर लावून त्याला चार्ज करीत असे. प्लगची पिन सॉकेटमध्ये घट्ट बसते आणि दर वेळी घासली गेल्यामुळे आपोआप स्वच्छही राहते. रोबोने स्वतः परत येऊन चार्ज व्हावे अशी सोय झाल्यावर ही घट्ट पकड गेली आणि तिच्या जागी नुसता टेकणारा उघडा स्पर्श आला. फरशी पुसल्यावरचा ओलावा, फिनेलचा थर, कोकण-मुंबईकडची खारी हवा यांचे पापुद्रे त्या स्पर्शाच्या आड येतात. विदर्भातल्या मे महिन्यात डॉक गॅलरीच्या दाराशी उन्हात ठेवला असेल, तर साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे बॅटरीचे रक्षण करणारे सर्किटच चार्जिंग नाकारते, आणि ते योग्यच करते.

येथवर आमचे भांडण नाही. ते सुरू होते ते जिथे पान मुग्ध होते तिथे.

चार्ज न होण्याचे जे कारण प्रत्येक यंत्राच्या वाट्याला, मालक कितीही काळजीवाहू असला तरी, एक ना एक दिवस येणारच असते, ते म्हणजे बॅटरीचे वय. अशा यंत्रांत बहुधा चार लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. अशा सेलचे आयुष्य साधारणतः तीनशे ते पाचशे पूर्ण आवर्तनांचे मानले जाते. त्यानंतर त्यांची धारणशक्ती घटत जाते. रोज झाडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा हिशेब दोन-तीन वर्षांत पुरा होतो. चारांपैकी एक सेल जरी दुबळा झाला तरी साखळी त्याच्याच शक्तीने चालते. घर बंद करून दोन महिने गावी गेलेल्या कुटुंबाचे यंत्र सेलमागे अडीच व्होल्टच्या आसपास उतरले, की रक्षक सर्किट दार लावून घेते आणि यंत्र मेल्यासारखे दिसते. यातले काहीच मालकाचे पाप नव्हे. हा रसायनाचा धर्म आहे, आणि यंत्र घडवणाऱ्याला तो पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो.

पान मात्र हे वय ‘कारण’ या रकान्यात क्वचितच मोकळेपणाने लिहिते. सॉकेट, धूळ, केस, ऊन, ओलावा, अडथळा अशी वापरणाऱ्याच्या घरातील सर्व कारणे क्रमाने येतात. ती संपली की शेवटच्या ओळीत ‘अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधा’ असा दरवाजा दिसतो, आणि त्यावर आतून कडी असते. त्या दरवाजापलीकडे काय होते ते अनेक वाचकांनी अनुभवले असेल. आमच्यातील एकाच्या यंत्राबाबत मिळालेले उत्तर असे होते की त्या नमुन्याची बॅटरी आता येत नाही, जुने यंत्र जमा करून नव्यावर सवलत घ्यावी. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. कारण हे उत्तर एका कंपनीचे नसून एका व्यवस्थेचे आहे.

आता या पानाचे व्याकरण पाहा. त्यातील सर्व क्रियापदे आज्ञार्थी आहेत : तपासा, पुसा, हलवा, खात्री करा. आज्ञार्थाचा कर्ता नेहमी ‘तुम्ही’ असतो. जिथे निर्मात्याचा संबंध येतो तिथे कर्ता अदृश्य होतो : ‘बॅटरी बदलता येत नाही’, ‘हा भाग उपलब्ध नाही’, ‘सेवा खंडित करण्यात आली आहे’. कुणी बदलता येऊ दिली नाही, कुणी उपलब्ध ठेवला नाही, कुणी खंडित केली? मराठीतल्या कर्मणी प्रयोगाचा असा कावेबाज वापर आपण सरकारी परिपत्रकांत ओळखतो आणि त्यावर विनोदही करतो. तोच वापर घरातल्या पुस्तिकेत आला की आपण चष्मा पुसतो, खाली वाकतो आणि पट्ट्या घासू लागतो.

याच दुखण्याविषयी बोलणारी दुसरी एक मराठी भाषा अस्तित्वात आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती रोज ऐकू येते. ‘सेल बसलेत’, ‘बॅटरी उतरलीये’, ‘कॉन्टॅक्टवर कार्बन आलाय’, ‘ड्राय सोल्डर आहे, डाग देऊन टाकतो’. या भाषेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात दोष वस्तूत असतो, माणसात नसतो. सेल बसतो, पट्टी गंजते, टाका सुटतो. कारागीर कारणापाशी थांबतो. गिऱ्हाइकाच्या चारित्र्याची चौकशी करीत नाही. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ही भाषा भेसळीची असेल. परंतु ज्ञानाच्या दृष्टीने ती पुस्तिकेतल्या संस्कृतप्रचुर, भाषांतरित मराठीहून कितीतरी प्रामाणिक आहे. मराठी ही ज्ञानभाषा व्हावी म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांनी कधीतरी या दुकानांतल्या बाकड्यावर बसून टिपणे काढावीत, अशी आमची विनंती आहे.

‘रोबो’ या शब्दाचा इतिहासही येथे आठवावा. कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी प्रागच्या रंगभूमीवर आले. शब्द आपल्या भावाने, चित्रकार योसेफने सुचवला, हे कारेलने पुढे स्वतःच नमूद केले. त्याचे मूळ ‘रोबोटा’ : भूदासाने जमीनदारासाठी विनामोबदला करावयाचे सक्तीचे काम. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही प्रथा १८४८ साली रद्द झाली. मराठीत तिला अचूक शब्द आहे, वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला. आपल्याकडे वेठबिगारीचे कायद्याने उच्चाटन व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘यंत्रमानव’ हे आपले भाषांतर मूळ शब्दातले सारे दुःख गाळून टाकते. ‘वेठ्या’ म्हटले असते तर निदान नाते तरी कळले असते.

त्या नाटकात एक प्रसंग आहे. कारखान्यातले काही वेठ्ये अधूनमधून हातातले सारे फेकून देतात, जागच्या जागी थिजतात, दात खातात. कारखान्याचे अधिकारी याला यंत्रणेतला बिघाड मानतात आणि अशांची रवानगी चुरा करणाऱ्या गिरणीत करतात. पाहुणी आलेली हेलेना मात्र त्यात आत्म्याची खूण पाहते. आम्ही हेलेनाच्या बाजूने उभे नाही. फरशी झाडणाऱ्या चकतीला आत्मा नसतो आणि तिच्या थांबण्यात बंड नसते. आमचे लक्ष वेधते ते अधिकाऱ्यांचे उत्तर : थांबला, म्हणजे बिघडला, बिघडला, म्हणजे गिरणीत. थांबणे आणि मोडीत निघणे यांच्या मध्ये दुरुस्ती नावाची एक पायरी असते, हे त्यांच्या मनाला शिवत नाही. दोषनिवारणाचे पान या अधिकाऱ्यांचे वारस आहे. फरक एवढाच की गिरणीचा रस्ता आता मालकाने स्वखर्चाने चालायचा असतो.

आणि वेठीचे नातेही उलटले आहे. जाहिरात सांगते की हा सेवक सुट्टी घेत नाही. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे हे महाराष्ट्रातल्या शहरी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ साली कायदा केला, त्याच राज्यातल्या सोसायट्यांत ‘बाई सुट्टी घेते’ हा गुन्हा आणि ‘रोबो सुट्टी घेत नाही’ हा गुण म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात रोबो सुट्टी घेतोच. आणि ती संपवण्यासाठी मालकाला केस कापावे लागतात, ब्रश धुवावे लागतात, काच पुसावी लागते, अटी मान्य कराव्या लागतात, ॲप अद्ययावत करावे लागते. बाईला बरे नसेल तर ती तसे सांगते आणि दोन दिवसांनी येते. येथे मालक वेठीला धरला जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा सारा तंत्रज्ञानाचा अपरिहार्य परिणाम आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला. त्यापूर्वी दीड-दोन हजार तास जळणाऱ्या दिव्यांचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरले, आणि जास्त टिकाऊ दिवे करणाऱ्या सभासदाला दंड होई. याच्या उलट, रूंबाच्या पाचशे-सहाशे मालिकांतील यंत्रे चार-सहा स्क्रू काढले की उघडत. चाक, ब्रशचा भाग, बॅटरी सुटी निघे आणि नवी बसे. म्हणजे उघडणारे यंत्र बनवता येते. बनवलेही गेले होते. न उघडणारे यंत्र हा निसर्गनियम नाही. तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे.

आता तर बॅटरी ठणठणीत असूनही यंत्र निकामी होऊ शकते. निएटो या कंपनीचा कारभार २०२३ साली बंद झाला. यंत्रांना लागणारी इंटरनेटवरची सेवा पाच वर्षे चालू ठेवू असे तेव्हा सांगण्यात आले होते. २०२५ सालीच ती गुंडाळण्यात आली, आणि नकाशा काढून वेळापत्रकाने झाडणारी यंत्रे बटण दाबून फिरवण्यापुरती उरली. खुद्द रूंबाच्या निर्मात्या आयरोबोटने डिसेंबर २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची मालकी तिची यंत्रे तयार करून देणाऱ्या चिनी कंपनीकडे सोपवण्याची योजना मांडली. सेवा सुरू राहतील असे आश्वासन तिनेही दिले. कंपनीच चार्ज होत नसेल तर कोणती पट्टी पुसायची, याविषयी पान काही सांगत नाही.

आक्षेप दोन येतील. पहिला सुरक्षिततेचा : लिथियमची बॅटरी पेट घेते, सामान्य माणसाने तिच्याशी खेळू नये. यातला अर्धा भाग खरा आहे. फुगलेली बॅटरी दाबू नये, भोसकू नये, चार्ज करू नये. सेल सुटे करून जोडणे हे जाणकाराचेच काम आहे. पण अख्खी बंदिस्त बॅटरी काढून तशीच दुसरी बसवणे यात कोणते अग्निदिव्य आहे? या देशातली कोट्यवधी घरे गॅसचा सिलिंडर स्वतः बदलतात. स्वयंपाकघरात याहून धोकादायक वस्तू नाही. तरीही आपण त्यावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावली नाही. रेग्युलेटरचे माप ठरवून दिले, आतला रबरी वायसर तपासायला शिकवले, नळीवर मुदतीची तारीख छापली, साबणाच्या पाण्याने गळती पाहण्याची रीत घराघरांत पोचवली. धोक्याचे उत्तर ज्ञान आणि प्रमाणीकरण हे असते, अज्ञान नव्हे. जो व्यवहार अक्षरशत्रू आजीलाही जमला, तो झाडूच्या बाबतीत अशक्य कसा?

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे : हवीत कशाला ही थेरं, आपली केरसुणी काय वाईट होती? लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करणाऱ्या संस्कृतीला हा प्रश्न शोभून दिसतो. पण ती केरसुणी शिंदीच्या पात्यांपासून कोणी बांधली आणि ती रोज हातात कोणी धरली, हे विचारले की मोहकपणा ओसरतो. बांधणारे हात बहुतांशी मातंग समाजाचे होते, धरणारे बाईचे. गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हाती घेतला हे त्यांचे थोरपण होते. तो इतरांच्या हाती देऊन त्याचे गोडवे गाणे हे थोरपण नव्हे. कमरेचा काटा ढिला करणारे काम यंत्राने करावे, यात आम्हांला काहीही गैर दिसत नाही. म्हणूनच ते यंत्र टिकावे, उघडावे आणि दुरुस्त व्हावे हा आग्रह आहे. यंत्राचा द्वेष करणारा आणि यंत्र दोन वर्षांनी फेकणारा हे दोघेही यंत्राला सारखेच परके आहेत.

कायद्याकडे पाहावे तर चित्र मिश्र आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटारकंपन्यांना सुट्या भागांची नाकेबंदी केल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. रकमेवर पुढे अपिले झाली, पण सुटे भाग अडवणे हा व्यापारातला अपराध आहे हे तत्त्व उच्चारले गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस एक पोर्टलही उघडले. समिती आणि पोर्टल म्हणजे मात्र हक्क नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयक निर्देश काढला आणि तो देशोदेशींच्या कायद्यांत उतरवण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत दिली. त्याच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे. परंतु यादी ज्या २०१३च्या नियमावलीवर टेकली आहे, तिने झाडणारे रोबो वगळलेले होते. युरोपच्याच बॅटरीविषयक नियमावलीत, वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता-घालता आली पाहिजे, या तरतुदीसाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख आहे. म्हणजे आपला रोबो एका दाराने सुटला तरी दुसऱ्या दाराशी अडतो. आपल्याकडे दोन्ही दारे बसवायची राहिली आहेत.

आमची मागणी साधी आहे. त्या तक्त्यात, धूळ आणि सॉकेट यांच्या आधी, आणखी काही ओळी छापल्या जाव्यात. ही बॅटरी झिजणारी वस्तू आहे आणि तिचे अपेक्षित आयुष्य इतके आहे. तिचे व्होल्ट, क्षमता आणि माप हे आहे. या मापाची दुसऱ्या उत्पादकाचीही चालेल. ती काढण्यासाठी इतके स्क्रू आहेत आणि ते साध्या पेचकसाने निघतात. आम्ही ती इतकी वर्षे विकत राहू, आणि आम्ही न उरल्यास यंत्र आमच्यावाचून चालेल. या ओळींचा कर्ता ‘आम्ही’ असावा. माहितीपुस्तिकेत निर्मात्याने प्रथमपुरुषी बोलावे एवढीच ही मागणी आहे, आणि ती मुळात वाङ्मयीन आहे. म्हणूनच ती येथे मांडली.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. कारागीर त्या दिवशी आधी हत्यार पुसतो, धार पाहतो, ढिला दांडा ठोकून घट्ट करतो आणि मग त्याला फूल वाहतो. ज्या वस्तूचे पोट उघडून पाहण्याची आपल्याला मुभा नाही, तिला झेंडूचे फूल वाहता येईल. पण ती आपले हत्यार झाली असे म्हणता येणार नाही.